पोच, तारीख आणि शिक्का : धर्मस्वातंत्र्यावरील सरकारी हस्तक्षेपाची नोंद बेळगावहून जिनिव्हापर्यंत कशी न्यावी

खानापूर तालुक्यातील एका गावात काही वर्षांपूर्वी मी एका घराच्या सोप्यात बसलो होतो. तेथल्या भाड्याच्या खोलीत दर रविवारी बारा-पंधरा माणसे प्रार्थनेसाठी जमत असत आणि ‘वरून सांगणे आले आहे, सध्या बंद ठेवा’ असे ठाण्यातून कोणीतरी येऊन सांगून गेले होते. कोण आले होते, याला तिघांनी तीन उत्तरे दिली. कधी आले होते, तर ‘गणपतीच्या आधी’. काही कागद दिला होता का, असे विचारल्यावर घरातील थोरल्या बाईंनी कोनाड्यातून एक दुमडलेला कागद आणून दिला. ती वीजबिलाची पावती निघाली. खोली सहा रविवार बंद राहिली, मग घरमालकाने कुलूप घातले, आणि वर्षभराने ही गोष्ट कोठेतरी मांडावी असे सर्वांच्या मनात आले तेव्हा मांडण्यासारखे हातात काहीच उरले नव्हते.

संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय, वार्षिक अहवाल, विशेष प्रतिवेदक (म्हणजे एकेका विषयावर लक्ष ठेवून अहवाल देणारे संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ) हे शब्द मोठे आहेत. पण जिनिव्हात बसलेला माणूस शेवटी जे वाचतो ते येथल्या सोप्यात त्या दिवशी कोणी लिहून ठेवले असेल तेवढेच असते. म्हणून या लेखाचा निम्म्याहून अधिक भाग बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात काय करावे याविषयी आहे आणि जिनिव्हा पुष्कळ उशिरा येते.

हे कृत्य सरकारचे आहे का, हे आधी ठरवावे

मानवाधिकारांची आंतरराष्ट्रीय यंत्रणा राज्यसंस्थेला जाब विचारते. शेजाऱ्याने प्रार्थनास्थळावर दगड टाकला तर तो गुन्हा आहे आणि त्याची जागा पोलीस ठाण्यात आहे. त्या दगडाची फिर्याद ठाण्याने घेतली नाही, किंवा दगड टाकणाऱ्याला सोडून प्रार्थना करणाऱ्यालाच समज दिली, तर तेथून राज्याची जबाबदारी सुरू होते. ‘आमच्यावर हल्ला झाला’ या वाक्यात ही सीमा दिसत नाही. हल्ला कोणी केला, पोलिसांना कधी कळवले, ते किती वेळाने आले आणि त्यांनी काय केले किंवा केले नाही, अशी चार वेगळी वाक्ये लिहिली की ती आपोआप दिसू लागते.

त्यानंतर कायद्याची कसोटी लावावी. राज्यघटनेच्या २५व्या कलमाने सदसद्विवेकाचे आणि धर्म आचरण्याचे, त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना दिले आहे, मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवले आहे. नागरी आणि राजकीय हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९६६ साली संमत झाला आणि भारताने तो १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला. त्याच्या १८व्या कलमात मनातील श्रद्धा आणि बाहेरचे आचरण यांत भेद केला आहे. श्रद्धेवर कोणतेही बंधन घालता येत नाही आणि आणीबाणीतही हे कलम स्थगित करता येत नाही. आचरणावर बंधन घालता येते, पण ते कायद्याने घातलेले असावे लागते आणि सुरक्षितता, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता किंवा इतरांचे मूलभूत हक्क यांच्या रक्षणासाठी आवश्यक असावे लागते. या करारावर देखरेख ठेवणाऱ्या मानवाधिकार समितीने १९९३ साली या कलमावर केलेल्या भाष्यात ही यादी येथेच संपते असे स्पष्ट केले आहे. राष्ट्रीय सुरक्षा हे कारण तिच्यात नाही, त्यामुळे एखाद्या आदेशात तेवढेच एक कारण दिले असेल तर ती गोष्ट ठळकपणे नोंदवावी.

व्यवहारात तीन प्रश्न पुरतात : या बंदीला कोणत्या कायद्याचे कोणते कलम आहे, ती कशासाठी आहे, आणि तेवढ्यासाठी एवढी बंदी लागते का. ध्वनिक्षेपकाचे उदाहरण घ्या. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. पहाटे पाचला भोंगा बंद करायला लावला तर तो मशिदीचा असो, देवळाचा असो वा चर्चचा, ते धर्मस्वातंत्र्यावरील आक्रमण नव्हे. मात्र त्याच गल्लीत एकाचा भोंगा काढला आणि दुसऱ्याचा ठेवला, तर तक्रारीचा विषय बदलतो. तो आता आवाजाचा राहत नाही, भेदभावाचा होतो, आणि मग एका वर्षात कोणाकोणाला परवानगी दिली आणि कोणाला नाकारली याची यादी माहिती अधिकारात मागवणे हाच पुरावा ठरतो. अशी यादी हाती येईपर्यंत ‘पक्षपात’ हा शब्द कागदावर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाषेची तक्रार आणि धर्माची तक्रार

आपल्या भागात ही सर्वांत मोठी गफलत होते. १९५६ पासून आपल्याला प्रत्येक सरकारी नकार सीमाप्रश्नाच्या चष्म्यातून पाहण्याची सवय लागली आहे, आणि ती का लागली हे येथे सांगण्याची गरज नाही. पण गणेशोत्सव मंडळाला परवानगी नाकारली आणि कारण मराठी फलकाचे असेल, तर तो भाषिक अल्पसंख्याकांचा विषय आहे; कारण मिरवणुकीच्या मार्गाचे असेल तर तो कदाचित साधा वाहतुकीचा विषय आहे; आणि मूर्ती बसवण्यालाच मज्जाव केला असेल तर तो धर्माचरणाचा विषय आहे. तिन्ही एकाच निवेदनात कोंबले की वाचणारा अधिकारी सर्वांत दुबळा मुद्दा उचलून उत्तर देतो आणि प्रकरण मिटल्याची नोंद करतो.

आंतरराष्ट्रीय करारात भाषेलाही जागा आहे. २७वे कलम वांशिक, धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपली संस्कृती, धर्म आणि भाषा इतरांच्या सोबतीने जपण्याचा हक्क देते, आणि अल्पसंख्याक प्रश्नांसाठी वेगळा विशेष प्रतिवेदकही आहे. म्हणून भाषेचा मुद्दा सोडून द्यावा असे नाही. त्याचा वेगळा अर्ज करावा. देशातल्या देशात त्यासाठी घटनेच्या ‘३५० ब’ कलमाखालील भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेत, आणि त्यांचे एक विभागीय कार्यालय बेळगावलाच आहे ही गोष्ट येथल्याच अनेकांना ठाऊक नसते. उलट राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचे दार मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन अशा सहा समाजांसाठी उघडे आहे. मराठी हिंदू मंडळाने तेथे पाठवलेला अर्ज परत येतो आणि मधले दोन-तीन महिने वाया जातात.

त्याच दिवशी लिहावे

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी, पानांवर क्रमांक घालावेत आणि सुटे कागद वापरू नयेत. घटना घडली त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या सकाळी, पाहणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे : तारीख, वार, घड्याळातील वेळ, गल्ली आणि घर, आलेल्यांची संख्या, गणवेश होता की नाही, छातीवरील पट्टीवरचे नाव, वाहनाचा क्रमांक, उच्चारलेले नेमके शब्द आणि ते कन्नडमध्ये होते की मराठीत. शब्द कन्नड असतील तर देवनागरीत का होईना, जसे ऐकू आले तसे लिहावेत आणि अर्थ त्याखाली द्यावा. स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांच्यामध्ये एक ओळ मोकळी सोडावी. शेवटी सही आणि लिहिण्याची वेळ. ‘पोलिसांनी धमकावले’ हे मत झाले. ‘उद्या गाडी पाठवून उचलून नेतो, असे ते म्हणाले’ ही नोंद झाली.

तारखेचे महत्त्व कर्नाटकातच दिसून आले आहे. महाविद्यालयांतील हिजाबविषयीचा राज्य सरकारचा आदेश ५ फेब्रुवारी २०२२ चा आहे, पण काही विद्यार्थिनींना दारात अडवणे त्याआधीच सुरू झाले होते. उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी आदेश कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींची मते दुभंगली. निकालाविषयी कोणाचे मत काहीही असो. जिला आदेशाआधी अडवले तिला ‘तेव्हा कोणत्या लेखी नियमाने अडवले’ हा प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारण्यासाठी तिच्याकडे तारीख असावी लागते.

तोंडी हुकूम कागदावर आणावा

सीमाभागात बहुतेक बंदी तोंडीच येते, कारण तोंडी हुकमावर अपील करता येत नाही हे हुकूम देणाऱ्याला चांगले ठाऊक असते. त्यावर उपाय साधा आहे : आपणच पत्र लिहून तो हुकूम कागदावर आणावा. त्यात आरोप, विशेषणे किंवा ‘लोकशाहीची हत्या’ असले काही नको. माझ्या फाइलमधला नमुना असा आहे :

‘विषय : तोंडी सूचनेचा लेखी आदेश मिळणेबाबत. महोदय, आज दि. … रोजी सकाळी सुमारे १० वाजून २० मिनिटांनी आपल्या ठाण्याचे दोन कर्मचारी आमच्या घरी आले व रविवारची प्रार्थना पुढील सूचना मिळेपर्यंत बंद ठेवावी असे त्यांनी सांगितले. ही सूचना कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली दिली आहे, ती किती दिवसांसाठी आहे आणि तिच्याविरुद्ध दाद कोठे मागावी, हे लेखी कळवावे ही विनंती.’

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घ्यावा. घेणारा ‘ठेवून जा’ म्हणाला तर हुज्जत घालू नये. त्याच दुपारी तेच पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती वहीत चिकटवावी. पत्र मराठीत लिहिले म्हणून नाकारले तर घटनेच्या ३५०व्या कलमाचा उल्लेख करावा : गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तरीही सोबत कन्नड प्रत जोडावी, असा माझा व्यवहारी सल्ला आहे. हक्क सिद्ध करायचा की काम करून घ्यायचे, याची निवड दरवेळी सारखी नसते. उत्तरादाखल मिळणारा छोटा लेखी शेरा, ज्याला येथल्या कचेऱ्यांत ‘हिंबरह’ म्हणतात, तो नकाराचा असला तरी जपून ठेवावा. लेखी नकार हातात आला की पुढची सगळी दारे उघडतात.

जमावबंदीचा आदेश असेल तर तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३व्या कलमाखाली, म्हणजे जुन्या १४४ खाली, निघालेला असतो. बेळगाव शहरात तो पोलीस आयुक्तांचा आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी किंवा तालुका दंडाधिकाऱ्यांचा असतो. एरवी तो दोन महिन्यांहून अधिक टिकत नाही. आदेशातील हद्द, वेळ आणि कारण या तीन गोष्टी नीट वाचाव्यात, कारण पुष्कळदा आदेश एका चौकापुरता असतो आणि बंदी साऱ्या गावावर लादली जाते.

छायाचित्रे आणि चित्रफिती

मोबाइलमधील मूळ फाइल पुसू नये आणि कापू नये. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत छोटी होते आणि तिच्यातील वेळ-ठिकाणाची माहिती गळून पडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेला तिचा ठसा, नोंदवावे लागते. ते काम वकिलाकडे किंवा संगणकाच्या जाणकाराकडे लगेच करून घ्यावे. ठाण्यात मारहाण किंवा बेकायदा डांबून ठेवणे घडले असेल तर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार आहे : ठाण्यांतील सीसीटीव्हीचे चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान वर्षभर, जपले पाहिजे. त्या चित्रणाची मागणी पहिल्याच आठवड्यात लेखी करावी.

माणसांना जपावे

साक्षीदाराला आधी सांगावे की ही नोंद कोठे कोठे जाऊ शकते, आणि मगच तिला किंवा त्याला विचारावे. होकार तीन वेगळ्या गोष्टींसाठी घ्यावा : वहीत नाव लिहिणे, सरकारला नाव कळणे आणि नाव प्रसिद्ध होणे. अनेकजण पहिल्याला हो म्हणतात आणि दुसऱ्याला नाही, आणि तो निर्णय त्यांचाच असतो. वहीत ‘स-१’, ‘स-२’ असे संकेत वापरून खऱ्या नावांची यादी दुसऱ्या घरी ठेवावी. अल्पवयीन मुलांचे म्हणणे पालकांशिवाय घेऊ नये.

धर्मांतराच्या प्रकरणात ही काळजी दुप्पट लागते. हलगा-बस्तवाडजवळच्या सुवर्ण विधानसौधातच, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातील इमारतीत, २३ डिसेंबर २०२१ रोजी विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक संमत केले. मे २०२२ मध्ये अध्यादेश निघाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये विधान परिषदेच्या संमतीनंतर कायदा झाला. त्यात धर्म बदलण्याआधी तीस दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवण्याची अट होती, तक्रार करण्याचा अधिकार आईवडील-भावंडांपासून नातेवाईक आणि सहकाऱ्यांपर्यंत पसरला होता, तीन ते पाच वर्षांची शिक्षा होती, स्त्रिया, अल्पवयीन आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत ती दहा वर्षांपर्यंत जात होती, आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर होते. १५ जून २०२३ रोजी नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरवले. मंत्रिमंडळाने ठरवणे आणि कायदा पुस्तकातून जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून घटनेच्या तारखेला राजपत्रात कोणता मजकूर लागू होता हे वकिलाकडून पाहून घ्यावे. अशा वातावरणात ‘अमुक बाई दोन वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाल्या’ हे आपण मदतीच्या भावनेने लिहिलेले एक वाक्य त्या बाईंविरुद्धचाच पुरावा ठरू शकते. कोणी कधी धर्म बदलला हे तक्रारीला लागत नसेल तर लिहूच नये. ‘प्रार्थनेला जमलेली व्यक्ती’ एवढे वर्णन पुरते.

देशातील आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातील एक फरक येथे ध्यानात ठेवावा. स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे ठरवले. मानवाधिकारांच्या १९४८च्या जाहीरनाम्यातील १८व्या कलमात मात्र धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत आहे. म्हणून न्यायालयातील अर्ज आणि जिनिव्हाला पाठवायचा मजकूर एकाच मसुद्यावरून काढू नये.

देशातील दारे, आणि त्यांच्या मुदती

फिर्याद नाकारली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमानुसार ती पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तांना, लेखी पाठवावी. तेथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने ठरले आहे. हद्दीबाहेरच्या ठाण्यातही ‘शून्य क्रमांकाची’ फिर्याद देता येते, त्यामुळे ज्यांना आपल्या ठाण्यात जायला धास्ती वाटते त्यांना दुसरा पर्याय राहतो.

माहिती अधिकाराचा अर्ज कर्नाटकात १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. महाराष्ट्रातही असेच बंधन आहे, तरी निपाणीकडची मंडळी दोन-दोन पाने लिहून पाठवतात आणि अर्ज परत आला की चिडतात. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. एखाद्याचे जीवित किंवा स्वातंत्र्य पणाला लागले असेल तर अठ्ठेचाळीस तास.

मानवाधिकार आयोगाकडे एक वर्षाच्या आत जावे, कारण १९९३ च्या मानवाधिकार संरक्षण कायद्याच्या ३६व्या कलमानुसार त्यानंतर आयोग चौकशी करू शकत नाही. खानापूरच्या त्या कुटुंबाचे हेच दार बंद झाले. राज्य आयोगापुढे असलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग पडत नाही, म्हणून दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज टाकून उपयोग नसतो. राष्ट्रीय आयोगाकडे आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, विनाशुल्क तक्रार करता येते. राष्ट्रीय आयोगांची प्रत ठरवणाऱ्या जागतिक संघटनेने भारताच्या आयोगाची पुनर्मान्यता २०२३ आणि २०२४ अशी दोनदा लांबणीवर टाकली होती, तेव्हा फार मोठी आशा धरू नये. पण तेथला तक्रार क्रमांक जिनिव्हाच्या अर्जात मोलाचा ठरतो.

बांधकाम पाडण्याची नोटीस आली असेल तर १३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सोबत ठेवावा. पंधरा दिवसांची लेखी नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि पाडकामाचे चित्रीकरण त्यात सक्तीचे केले आहे, मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागेवरील अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. म्हणून जागेचा उतारा, कर भरल्याच्या पावत्या आणि पंचायतीचे जुने ठराव आधीच गोळा करावेत. ही काळजी अल्पसंख्याकांनीच घ्यायची असे नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये नंजनगूड तालुक्यात एक देऊळ पाडले गेले आणि त्यावरून उठलेल्या वादळानंतर राज्याला धार्मिक वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

उच्च न्यायालय आपल्यासाठी धारवाडला आहे. तेथे २००८ साली फिरते खंडपीठ सुरू झाले आणि २०१३ पासून ते कायम आहे. २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून निपाणी-चिकोडीकडे ‘आपण तिकडेच जाऊ’ असे सर्रास ऐकू येते. अंतर कमी आहे, वकील मराठी आहेत, पण राज्यांच्या सीमेवरील कोगनोळी नाक्याच्या अलीकडे घडलेल्या घटनेचे कारण कर्नाटकात उद्भवते आणि दाद धारवाडलाच मागावी लागते.

जिनिव्हा

भारताने नागरी आणि राजकीय हक्कांचा करार स्वीकारला, पण वैयक्तिक तक्रारींना वाट देणारा त्याचा पहिला ऐच्छिक पूरक करार स्वीकारलेला नाही. परिणामी मानवाधिकार समितीकडे एकट्या माणसाची तक्रार नेता येत नाही; तशी ती नेऊन देतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे. समिती अधूनमधून संपूर्ण देशाचा आढावा घेते. भारताचा असा आढावा १९९७ नंतर थेट जुलै २०२४ मध्ये झाला.

सामान्य माणसाला खरोखर उघडे असलेले दार म्हणजे विशेष प्रतिवेदकांचे. धर्म किंवा श्रद्धेच्या स्वातंत्र्यासाठीचे हे पद १९८६ मध्ये निर्माण झाले आणि २०२२ पासून नाझिला घानिया त्यावर आहेत. त्यांच्याआधी अब्देलफत्ताह अमोर १९९६ मध्ये आणि अस्मा जहांगीर २००८ मध्ये भारतात येऊन गेल्या, आणि जहांगीर यांनी आपल्या अहवालात निरनिराळ्या राज्यांच्या धर्मांतरविरोधी कायद्यांविषयी चिंता नोंदवली. येथे अर्ज करण्यासाठी देशातील सर्व उपाय आधी संपवावे लागत नाहीत. मानवाधिकार कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो, मात्र तो इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये असावा लागतो. त्यात पीडित कोण, कृत्य कोणाचे, कोठे, केव्हा, काय घडले, कोणता हक्क बाधित झाला आणि देशात कोठे दाद मागितली हे हवे असते. केवळ वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर आधारलेला, शिवराळ किंवा राजकीय हेतूचा अर्ज बाजूला पडतो. म्हणून आपल्या अर्जात कोणत्याही पक्षाचे नाव नसावे आणि सीमाप्रश्नाचा इतिहास एका ओळीत संपावा; ज्यांनी त्यासाठी हयात घालवली त्यांना ही ओळ लिहिणे जड जाते, हे मी जाणून आहे.

पीडिताचे नाव सरकारला कळवावे का, असा प्रश्न त्या अर्जात असतो. वर सांगितलेला तीन पदरी होकार येथे कामी येतो. अर्ज पटला तर प्रतिवेदक सरकारला पत्र पाठवतात आणि साधारणपणे साठ दिवसांनी ते पत्र, उत्तर आले असल्यास उत्तरासह, संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. एवढेच. कोणी बेळगावला येत नाही, कोणाला निलंबित करत नाही. पण दिल्लीहून बेंगळुरूला आणि तेथून जिल्ह्याच्या ठाण्याला खुलासा विचारला जाऊ शकतो, आणि तो खुलासा लेखी द्यावा लागतो. अटक झाली असेल तर मनमानी स्थानबद्धतेविषयीच्या कार्यगटाकडेही जाता येते. मानवाधिकार परिषदेची जुनी तक्रार प्रक्रिया मात्र सातत्याने घडणाऱ्या ढोबळ उल्लंघनांसाठी आहे आणि तेथे देशातील उपाय संपवण्याची अट आहे. एका खोलीच्या कुलपासाठी तिचा विचार करू नये.

दुसरी वाट सार्वत्रिक कालिक आढाव्याची, म्हणजे मानवाधिकार परिषदेत पाळीपाळीने होणाऱ्या प्रत्येक देशाच्या तपासणीची. प्रत्येक देशाची पाळी साधारण साडेचार-पाच वर्षांनी येते. भारताची २००८, २०१२, २०१७ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. त्यासाठी एका संस्थेला २८१५ शब्दांपर्यंत आणि अनेक संस्थांना मिळून ५६३० शब्दांपर्यंत निवेदन देता येते, आणि ते आढाव्याच्या पुष्कळ महिने आधी पाठवावे लागते. गावातील एका मंडळाने एकट्याने लिहिण्यापेक्षा बेळगाव, धारवाड, कारवार, बिदर येथील वेगवेगळ्या धर्मांच्या संस्थांनी एकत्र लिहिणे उत्तम, कारण मशिदीची, चर्चची आणि मुजराई (सरकारी देवस्थान) खात्याच्या ताब्यातील देवळाची तक्रार एकाच कागदावर आली की ती कोणत्याही एका समाजाची कैफियत राहत नाही.

अमेरिकेतही १९९८च्या कायद्याने स्थापन झालेला एक धर्मस्वातंत्र्य आयोग आहे. २०२० पासून तो भारताला विशेष चिंतेचा देश ठरवावे अशी शिफारस करत आला आहे आणि भारत सरकार त्याचे अहवाल पक्षपाती म्हणून फेटाळत आले आहे. माहिती देण्यास हरकत नाही. परंतु हे एका परकीय सरकारचे हत्यार आहे, त्यामागे त्या सरकारचे हिशेब असतात, आणि गावात ‘अमेरिकेला कळवले’ ही बातमी ज्या वेगाने पसरते त्याची झळ साक्षीदारांना लागते. मी स्वतः लोकांना आधी प्रतिवेदकांकडे जायला सांगतो.

भाषांतर, प्रती आणि पाठपुरावा

कन्नड नोटिशीचे इंग्रजी भाषांतर मराठी माणसाने मराठीवरून करू नये. थेट कन्नडवरून करून घ्यावे आणि मूळ प्रत जोडावी. ‘सूचना’, ‘समज’, ‘ताकीद’ आणि ‘आदेश’ हे चार वेगळे शब्द आहेत आणि भाषांतरात ते एक होऊन गेले तर सरकारी खुलासा तेवढ्यावरच तक्रार खोटी ठरवतो. जमलेली माणसे बारा असतील तर बाराच लिहावीत. बाराची पन्नास केली की उरलेल्या पानांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

फाइलच्या तीन प्रती असाव्यात : एक घरात, एक वकिलाकडे आणि एक जिल्ह्याबाहेर, कोल्हापूरला किंवा पुण्याला एखाद्या पाहुण्याकडे. परदेशातून पैसे घेऊन हे काम करायचे असेल तर २०१० च्या परकीय देणगी कायद्याची नोंदणी आधी हवी. झेरॉक्स, टपाल आणि धारवाडचे बसभाडे वर्गणीतून भागत असेल तर त्या वाटेला जाऊच नये. अर्ज केल्यानंतर पोलिसांचा ससेमिरा वाढला, घरमालकावर दबाव आला किंवा कोणाला विनाकारण ठाण्यात बोलावले, तर ती जुन्या प्रकरणाची पुढची पाने नव्हेत. संयुक्त राष्ट्रांना सहकार्य केल्याबद्दल सूड घेतला जाण्याविषयी महासचिव दरवर्षी वेगळा अहवाल देतात, म्हणून अशा प्रत्येक प्रसंगाला नवा क्रमांक देऊन, त्याच वहीत, त्याच संध्याकाळी नोंद करावी आणि जुन्या अर्जाचा संदर्भ देऊन ती वेगळी कळवावी. साठ दिवस उलटल्यावर संकेतस्थळावर आपले पत्र शोधावे, सरकारचे उत्तर छापून घ्यावे आणि त्यातील प्रत्येक चुकीच्या विधानासमोर आपल्या वहीचा पृष्ठक्रमांक लिहून ते प्रतिवेदकांच्या कार्यालयाला परत पाठवावे.